तरुण वयातलं बीपी : कारण सापडलं नाही, की शोधलंच नाही?

गास, वसई येथे दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे जोडली आहेत.



बीपीवर व्याख्यान आहे म्हटलं की समोर पन्नाशी-साठीची माणसं येऊन बसतात आणि मुलं बाहेर गाडीवर थांबतात, आईबाबांना घरी न्यायला. आज आम्हाला बोलायचं आहे ते त्या बाहेर थांबलेल्या मुलांबद्दल. कुणाचा मुलगा, सून, भाचा बाहेर असेल तर त्यांना आत बोलवा. मागे खुर्च्या रिकाम्या आहेत.

समजा, एक सव्वीस वर्षांचा मुलगा आहे. आपल्यापैकी कुणाच्याही घरातला समजा. अंधेरीला नोकरी. सकाळी नालासोपाऱ्याहून गाडी पकडायची, रात्री साडेनऊला घरी. नोकरी बदलताना वैद्यकीय तपासणी झाली आणि तिथे बीपी निघालं १५६/१०२. तो म्हणाला, "मशीन बिघडलेलं असेल." आई म्हणाली, "रोज गाडीत लोंबकळत येतो, दमतो पोरगा." शेजारचे काका म्हणाले, "टेन्शन घेतो. लग्न करून द्या." आणि कुणीतरी हमखास सांगतंच, "एवढ्या लवकर गोळी नको हां, एकदा सुरू झाली की सुटत नाही." विषय मिटला. चार महिन्यांनी सर्दी झाली म्हणून दवाखान्यात गेला, तिथे १६०/१०४. तिथेही उत्तर मिळालं, "कारण काही दिसत नाही, बघू पुढे."

आता हे "कारण काही दिसत नाही" जरा नीट ऐका. त्याचे दोन अर्थ होतात. एक, शोधलं आणि सापडलं नाही. दुसरा, शोधलंच नाही. ऐकायला दोन्ही सारखे वाटतात, पण त्या मुलाच्या किडनीच्या आणि हृदयाच्या दृष्टीने त्यांत फार अंतर आहे. आजचं सगळं बोलणं या अंतराबद्दल आहे. तीन प्रश्न घेऊ या. बीपी खरंच वाढलंय का? वाढलंय तर का? आणि कारण नाहीच मिळालं तर काय करायचं?

पहिला प्रश्न : खरंच वाढलंय का?

त्या मुलाचं "मशीन बिघडलेलं असेल" हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बीपी मोजताना चुका होतात आणि त्या आम्हा डॉक्टर मंडळींकडूनही होतात. रांग मोठी असते, पेशंट जिना चढून येतो, बसतो न बसतो तोच दंडाला पट्टा बांधला जातो. त्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये.

बरोबर पद्धत अशी. आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, सिगारेट-तंबाखू नाही, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं. पाय जमिनीवर सरळ, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत. शर्टाची बाही वर सरकवून घट्ट करायची नाही, ती काढायची. मोजताना बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. आणि पट्टा दंडाला साजेसा हवा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वर जातो. व्यायामशाळेत दंड कमावलेल्या मुलांच्या बाबतीत हे फार होतं.

काही जणांचं बीपी फक्त दवाखान्यात वाढतं, डॉक्टर दिसले की छातीत धडधडायला लागतं. उलटही असतं. दवाखान्यात नॉर्मल आणि कामाच्या ठिकाणी, घरी वाढलेलं. हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण तो कुणाला दिसतच नाही.

म्हणून एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही, पण एक आकडा विसरूनही जायचं नाही. घरी दंडावर बांधायचं डिजिटल मशीन असेल तर सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून मोजा आणि वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेलं आहे असं धरतात. दवाखान्यातली मर्यादा १४०/९०. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ पासून १३०/८० हीच रेषा धरली आहे. शंका राहिली तर चोवीस तास दंडावर राहणारं मशीन लावता येतं. ते झोपेतसुद्धा मोजतं, त्यामुळे रात्री बीपी खाली उतरतं की नाही हेही कळतं.

आपल्या मुलाचं समजा सरासरी निघालं १५२/९८. म्हणजे मशीन निर्दोष आहे. आता पुढे.

दुसरा प्रश्न : का वाढलं?

आपल्या वाड्यांमध्ये विहिरीवर पंप असतो, तोच डोळ्यांपुढे आणा. पाइपातला दाब तीन गोष्टींवर ठरतो. पंप किती जोरात ढकलतो, पाइप किती अरुंद आहे आणि आत पाणी किती आहे. शरीरात पंप म्हणजे हृदय, पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. आणि आत पाणी किती ठेवायचं, मीठ किती ठेवायचं, हे ठरवणारी मुकादम म्हणजे किडनी.

किडनीचं एक वैशिष्ट्य आहे. तिच्याकडे येणारं रक्त कमी पडलं की तिला वाटतं, साऱ्या शरीरातच रक्त कमी झालं. मग ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते. त्यातून पुढे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ-पाणी धरून ठेवलं जातं आणि बीपी चढतं. १९३४ साली हॅरी गोल्डब्लाट या अमेरिकन शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या किडनीच्या धमनीला चिमटा लावून ती अरुंद केली आणि बीपी वाढलेलं दाखवून दिलं. बाकी कुत्रा धडधाकट होता. एका नळीला बसलेल्या चिमट्यामुळे साऱ्या शरीराचा दाब चढला.

असा चिमटा माणसाच्या शरीरात आपोआप बसतो का? बसतो. आणि ही गोष्ट ज्यांनी बारकाईने तपासली, त्यांत आपल्या मुंबईतली माणसं होती.

परळचं के. ई. एम. रुग्णालय आपल्याला माहीत आहे. इथून कित्येक पेशंट लोकलने दादरला उतरून तिकडे जातात. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे शल्यचिकित्सक होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण करणारे म्हणून त्यांचं नाव लक्षात राहिलं. पण त्याआधीपासून ते आणि त्यांचे सहकारी एका वेगळ्या दुखण्याच्या मागे होते. तरुण पेशंट, त्यांत मुली जास्त, आणि बीपी भयंकर वाढलेलं. डॉ. सेन, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किणारे, डॉ. परुळकर आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये यावर लेख लिहिला. छातीपासून पोटाकडे जाणारी महाधमनी मधल्या भागात अरुंद झालेली, कित्येकदा किडनीकडे जाणाऱ्या फांद्याही आवळलेल्या, असं ते चित्र होतं. पुढे १९७३ मध्ये या आजाराच्या १०१ पेशंटांचा अभ्यास त्यांनी पुस्तकरूपाने छापला.

या आजाराला आज ताकायासूचा आजार म्हणतात. मिकिटो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०८ साली एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांमधले विचित्र बदल नोंदवले होते, त्यावरून हे नाव पडलं. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच मोठ्या धमन्यांवर उलटते, त्या सुजतात, जाड होतात आणि आतून अरुंद होतात. जपानमध्ये हातांकडे जाणाऱ्या धमन्यांवर परिणाम जास्त दिसायचा, नाडीच लागायची नाही. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या जास्त सापडतात, म्हणून आपल्याकडे हा आजार बरेचदा वाढलेल्या बीपीच्या रूपानेच समोर येतो.

ओळखायचा कसा? सुरुवातीला महागडं काहीच लागत नाही. दोन्ही हातांचं बीपी मोजायचं. दोन्ही हातांच्या नाड्या एकाच वेळी बघायच्या. जांघेतली नाडी बघायची. पोटावर आणि मानेवर स्टेथोस्कोप ठेवून वाहत्या रक्ताचा घुर्र असा आवाज येतो का ऐकायचं. दोन हातांत वीसेक आकड्यांचा फरक निघाला, एक नाडी मंद लागली, की सुगावा लागला. पुढे सोनोग्राफी, सीटी अँजिओग्राफी वगैरे. ही पाच मिनिटांची तपासणी आहे, आणि ती होत नाही म्हणून वर्षं वाया जातात.

जांघेतली नाडी बघायचं आणखी एक कारण आहे. काही मुलांची महाधमनी जन्मतःच एका जागी आवळलेली असते. हातांचं बीपी वाढलेलं आणि पायांचं कमी. लहानपणी कुणाच्या लक्षात येत नाही. मुलगा क्रिकेट खेळतो, फक्त "पाय लवकर भरून येतात" म्हणतो.

आता बाकीची कारणं पटापट बघू.

तरुणांत सगळ्यांत आधी बघायची ती किडनी. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांभोवती सूज, घसा दुखल्यानंतर एक-दोन दिवसांत चहाच्या रंगाची लघवी, लहानपणी पुन्हा पुन्हा लघवीचा जंतुसंसर्ग, घरात कुणाला डायलिसिस किंवा किडनीत पाण्याच्या गाठी. यातलं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि यातलं काहीच नसेल तरी लघवीची तपासणी कराच, कारण किडनीचे आजार बराच काळ गुपचूप असतात. इथे दुहेरी फास आहे. बिघडलेली किडनी बीपी वाढवते आणि वाढलेलं बीपी किडनी आणखी बिघडवतं. हा फास लवकर सोडवला नाही तर शेवट आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस इथे होतो. ते आम्हाला सव्वीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत बघायचं नसतं.

किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी अ‍ॅड्रिनल ग्रंथी बसलेली असते. तिच्यातून अल्डोस्टेरॉन जास्त सुटलं तर शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. १९५५ साली अमेरिकेत डॉ. जेरोम कॉन यांनी अशा एका ३४ वर्षांच्या बाईंची हकिकत मांडली. बीपी वाढलेलं, स्नायूंत अशक्तपणा, पोटॅशियम घसरलेलं. अ‍ॅड्रिनलमधली गाठ काढली आणि त्या सुधारल्या. पूर्वी हा आजार दुर्मीळ समजत. आता शोधायला लागल्यावर तो बराच सापडतो, आणि कित्येक पेशंटांत पोटॅशियम अगदी नॉर्मलही असतं. त्याच ग्रंथीत क्वचित दुसऱ्या प्रकारची गाठ होते. तिच्यामुळे अचानक डोकं ठणकणं, दरदरून घाम आणि धडधड असे झटके येतात. अशा मुलांना "पॅनिक होतो" म्हणून परत पाठवलं जातं. झटक्याच्या वेळी बीपी मोजलं तर बरंच कळतं.

थायरॉइड आहेच. आणि घोरणं आहे. झोपेत श्वास अडखळणारी, दिवसा गाडीत उभ्याउभ्या डुलक्या घेणारी माणसं आपण बघतो. त्यांना वाटतं, पहाटेची गाडी पकडतो म्हणून झोप येते. कधी ते खरं असतं. कधी त्यामागे झोपेतला श्वासाचा आजार असतो आणि तो बीपी वर ठेवतो.

शेवटचं कारण बहुतेक वेळा घरातल्या कपाटातच असतं. कंबरदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या. गर्भनिरोधक गोळ्या. वजन वाढवायला किंवा दम्याला कुणीतरी दिलेली पुडी, जिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. व्यायामशाळेतली इंजेक्शनं आणि डब्यातल्या पावडरी. आणि ज्येष्ठमध. घशाला चांगलं म्हणून थोडं घेतलं तर हरकत नाही, पण महिनोन् महिने भरपूर घेतलं तर ते शरीरात अल्डोस्टेरॉनसारखंच काम करतं. मीठ धरतं, पोटॅशियम घालवतं. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना जे जे पोटात जातं ते सगळं पिशवीत भरून न्या. "औषध काही घेत नाही" असं सांगणारा मुलगा या सात गोष्टी घेत असतो, फक्त त्यांना तो औषध म्हणत नाही.

मग आपल्या मुलाच्या तपासण्या कोणत्या? लघवी, त्यात प्रथिनं जातात का हे बघण्यासह. रक्तात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड. ईसीजी. किडनीची सोनोग्राफी. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. ही पहिली पायरी. यात आणि अंगावरच्या तपासणीत काही धागा सापडला तर त्या धाग्याने पुढे जायचं. सगळ्यांनी सगळ्या तपासण्या करून घ्यायच्या असं आमचं म्हणणं नाही. त्याने खिसाही रिकामा होतो आणि भलत्याच मागे लागणंही होतं.

तिसरा प्रश्न : शोधलं, पण सापडलं नाही तर?

प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं. मोठ्या माणसांचा सगळा हिशोब धरला तर शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या बीपीमागे असं एखादं ठळक कारण असतं. तरुणांत हे प्रमाण जास्त, म्हणून तर शोधायचं. तरीही बऱ्याच तरुणांच्या कागदावर शेवटी "प्रायमरी" असंच लिहिलं जातं. म्हणजे अनुवंश, मीठ, वजन, झोप, दारू, बैठं काम यांचं मिश्रण, ज्यात एकावर बोट ठेवता येत नाही.

इथे दुसरी चूक होते. "कारण नाही ना? मग आजारही नाही." असं नाही मंडळी. कारण कळलं नाही म्हणून दाबाचं नुकसान थांबत नाही. विहिरीवरचा दाब का वाढला हे कळो न कळो, पाइपाचे सांधे फुटायचे ते फुटतातच.

याचाही धडा मुंबईतूनच मिळाला. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ. ज्या बीपीचं कारण सापडत नाही, त्यावर त्या काळात म्हणावं असं औषधच नव्हतं. त्यांनी आपल्या आयुर्वेदातली सर्पगंधा घेतली, ५० पेशंटांना दिली, आकडे नीट टिपले आणि १९४९ साली तेही ब्रिटिश हार्ट जर्नलमध्येच छापलं. जगभर खळबळ झाली. त्यातूनच पुढे रेसरपिन हे औषध सर्वत्र वापरलं गेलं आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आज रेसरपिन मागे पडलं आहे. त्याने काहींना खोल उदासी यायची, आणि आता त्याहून चांगल्या गोळ्या आहेत. पण मुद्दा तो नाही. कारण माहीत नसतानाही उपचार करता येतो आणि तो मोजून करायचा असतो, हे त्यांनी दाखवलं. सेन यांच्या गटाने कारण शोधायला शिकवलं, वकिलांनी कारणाची वाट न बघता उपचार करायला शिकवलं. आपल्या मुलाला दोन्ही हवेत.

म्हणजे प्रत्यक्षात काय? बीपी बेताचं वाढलेलं असेल आणि हृदय, किडनी, डोळे ठीक असतील, तर तीनेक महिने राहणीमान बदलून बघता येतं. आकडे १६०/१०० च्या पुढे असतील किंवा लघवीत प्रथिनं, हृदयाच्या भिंती जाड असं काही दिसलं, तर गोळी लांबवू नये. आणि १८०/१२० च्या वर गेलं, सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, डोकं फुटतंय, नजर अंधुक झाली, हातपाय किंवा तोंड वाकडं होतंय, तर त्याच घटकेला मोठं रुग्णालय गाठायचं. लिंबूपाणी पाजून झोपवायचं नाही.

गावातलं मीठ, गाडीतली झोप

आपल्या वसई-विरारच्या पट्ट्यात मिठागरं आहेत, मिठाची आपल्याला किंमत माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, आणि त्यात स्वयंपाकातलं, पावातलं, पापडातलं सगळं आलं. भारतात आपण सरासरी याच्या दुप्पट खातो. आपल्या ताटात ते कुठून येतं बघा. खारवलेली सुकी मासळी, लोणचं, पापड, फरसाण, स्टेशनवरचा वडापाव आणि त्याबरोबरची मिरची. मासळी सोडा असं आम्ही सांगणार नाही. खारवलेली कमी करा, ताजी खा. खारी मासळी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या. वाडीतली भाजी आणि केळी आपल्याकडे दारात आहेत. त्यांतलं पोटॅशियम बीपीला उपयोगाचं असतं, फक्त किडनी बिघडलेली असेल तर डॉक्टरांना विचारून खा.

झोपेचं अवघड आहे, हे आम्ही जाणतो. गाडी तुम्ही ठरवत नाही. पण रात्री साडेनऊला घरी आल्यावर एक वाजेपर्यंत मोबाइल, हे आपण ठरवतो. वजन जास्त असेल तर पाच किलो कमी झालं तरी आकड्यांत फरक दिसतो. आठवड्यात दीडशे मिनिटं भरभर चालणं. निर्मळच्या रस्त्याला पहाटे चालणारे पुष्कळ आहेत, त्यांत पंचविशीचे फार कमी.

आणखी एक सांगतो. सरकारची बीपी-मधुमेहाची सार्वत्रिक तपासणी ३० वर्षांपुढच्यांसाठी आहे. आशाताई घरी येतात तेव्हा आईवडिलांचं नाव लिहून घेतात, सव्वीसचा मुलगा यादीत येत नाही. तेव्हा ही जबाबदारी आपली. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाचं बीपी वर्षातून एकदा तरी मोजा. वाढदिवशी मोजा, म्हणजे विसरणार नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*गोळी सुरू झाली की आयुष्यभर घ्यावी लागते, हे खरं ना?*

कारण सापडलं आणि ते दूर करता आलं, तर कित्येकांची गोळी बंद होते किंवा कमी होते. वजन आणि मीठ कमी केल्यावरही कमी होते. बाकीच्यांना चालू ठेवावी लागते. पण सवय गोळीची लागत नाही. आजार टिकतो म्हणून गोळी टिकते. चष्मा लावल्याने डोळे चष्म्याच्या आहारी जातात असं आपण म्हणत नाही. मनाने बंद करू नका, एवढंच.

*डॉक्टर, माझ्या भाचीला बीपीची गोळी चालू आहे आणि तिचं लग्न ठरतंय. सासरी सांगावं का?*

काकी, प्रश्न धीराने विचारलात. सांगावं, असं आमचं मत आहे, कारण लपवलं की पहिली गोष्ट बंद होते ती गोळी. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं. बीपीच्या काही गोळ्या, म्हणजे एनालाप्रिल, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन या गटातल्या, गरोदरपणात बाळाला धोकादायक असतात. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यायची. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा अशी गरोदरपणात वापरता येणारी औषधं आहेत. बीपी असलेल्या मुली व्यवस्थित आई होतात. त्यासाठी नवऱ्याला आणि सासूबाईंना माहीत असायला हवं, म्हणजे त्या तारखा सांभाळतील.

*सैंधव मीठ चालेल का?*

सैंधव, काळं, गुलाबी, या सगळ्यांत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. चालेल, पण तितकंच कमी. कमी सोडियमचं पाकिटातलं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीच्या पेशंटांनी आणि वर सांगितलेल्या रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

*सर्पगंधेची मुळी घरी घेतली तर?*

नको. डॉ. वकिलांनी ती मोजून, पेशंटांवर लक्ष ठेवून दिली होती. घरच्या मुळीत किती औषध आहे ते कळत नाही.

*मुलगा यायलाच तयार नाही. काही होत नाही म्हणतो.*

त्याचं बरोबर आहे, त्याला काहीच होत नाही. बीपीत बहुधा काही होतच नाही, होईपर्यंत. त्याला भीती घालू नका. मशीन आणा, आधी तुमचं मोजा, मग त्याला म्हणा, "बघू तुझं किती येतं." सात दिवसांची वही तयार झाली की ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तिथे तीनच गोष्टी विचारा. दोन्ही हातांचं मोजलंत का? जांघेतली नाडी बघितलीत का? लघवी तपासायची ना? डॉक्टर रागावणार नाहीत. आम्ही तरी रागावत नाही.

बाहेर टेबलावर दोन मशीन ठेवली आहेत. जाताना मोजून जा. आणि गाडीवर थांबलेल्यांना आधी बसवा.